एनबीएचा करार कसा वाचायचा: नव्या प्रेक्षकांसाठी पायरी पायरीने

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ भारतात खेळले ते तेव्हा पहिल्यांदाच. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणून आपल्याकडच्या अनेकांचा या लीगशी पहिला परिचय याच संघामुळे झाला. त्या संघात बडी हील्ड हा लांबून नेम धरणारा खेळाडू होता. मुंबईहून परतल्यावर दोन-अडीच आठवड्यांत, २१ ऑक्टोबरला, त्याने किंग्जबरोबरच्या कराराला चार वर्षांची मुदतवाढ मान्य केली. एका बातमीत रक्कम होती ८.६ कोटी डॉलर, दुसरीत १०.६ कोटी. आणि दोन्ही बातम्या बरोबर होत्या.

इथेच नवा प्रेक्षक अडखळतो. खेळ कळतो, पिक अँड रोलसारखा डाव कळतो, पण जुलैत करारांचा बाजार उघडला की आकड्यांचा पाऊस पडतो आणि काही उमगत नाही. नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेली, खेळ उत्तम जाणणारी मुलंसुद्धा विचारतात, "एवढ्या मोठ्या खेळाडूला संघ सोडून का देतो?" उत्तर बहुतेक वेळा खेळात नसतं, कराराच्या नियमांत असतं. हा लेख त्यासाठी आहे. माझी पद्धत साधी आहे: एकूण रक्कम सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघायचं की कॅपचा, म्हणजे संघाच्या पगार-मर्यादेचा, किती वाटा, किती वर्षांसाठी, आणि त्यातलं पक्कं किती.

पायरी १: आकडे कोटीत आणा आणि यंदाची कॅप लिहून ठेवा

अमेरिकन बातम्या मिलियनमध्ये बोलतात. दहा मिलियन म्हणजे एक कोटी. ३०४ मिलियन दिसलं की ३०.४ कोटी म्हणायचं. ही सवय लागली की अर्धी भीती जाते.

आता सॅलरी कॅप. लीगला बास्केटबॉलमधून जे उत्पन्न मिळतं, म्हणजे प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटं, जाहिराती वगैरे, त्यातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, असं लीग आणि खेळाडू संघटना यांच्या सामूहिक करारात ठरलेलं आहे. सध्याचा सामूहिक करार २०२३ मध्ये लागू झाला. त्या वाट्यावरून दर हंगामाची कॅप काढतात, म्हणजे एका संघाने पगारांवर किती खर्च करावा याची रेषा. १९८४-८५ मध्ये ती पहिल्यांदा लागली तेव्हा होती ३६ लाख डॉलर. २०२५-२६ साठी आहे १५.४६ कोटी डॉलर.

ही रेषा लवचीक आहे. ठरावीक सवलती वापरून संघ ती ओलांडू शकतो, आणि बहुतेक संघ ओलांडतातच. मात्र कॅप हलली की सगळं हलतं. २०१६ मध्ये नवे प्रक्षेपण करार लागू झाले आणि कॅप एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४ कोटींवर गेली. अनेक संघांकडे अचानक मोकळी जागा तयार झाली. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सला केव्हिन ड्युरँटला घेता आलं ते याच जागेमुळे. त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी टिमोफे मॉझगॉव्ह या साधारण कुवतीच्या सेंटरला चार वर्षांचे ६.४ कोटी दिले. जागा असली की ती भरण्याची घाई होते, ही गोष्ट त्या उन्हाळ्याने लख्ख दाखवली. आता कॅप एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, असा नियम आहे.

पायरी २: खेळाडूची सेवेची वर्षं मोजा

कोणत्याही खेळाडूला जास्तीत जास्त किती मिळू शकतं हे त्याच्या लीगमधल्या वर्षांवर ठरतं. सहा वर्षांपर्यंत कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के, दहा किंवा अधिक झाली की ३५ टक्के. २०२५-२६ च्या कॅपवर हे पहिल्या वर्षाचे आकडे साधारण ३.८७ कोटी, ४.६४ कोटी आणि ५.४१ कोटी येतात.

ही मर्यादा पूर्वी नव्हती. १९९७-९८ मध्ये मायकेल जॉर्डनचा एकट्याचा पगार ३.३ कोटी होता आणि संघाची अख्खी कॅप होती २.७ कोटींच्या आत. १९९७ मध्येच मिनेसोटाने केव्हिन गार्नेटला सहा वर्षांचे १२.६ कोटी दिले, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. मालक हादरले. पुढच्या वर्षी टाळेबंदी झाली, हंगाम ५० सामन्यांवर आला, आणि १९९९ च्या करारात वैयक्तिक कमाल मर्यादा आली. मला हा नियम सर्वोत्तम खेळाडूंवर अन्याय करणारा वाटतो. लीगच्या पहिल्या पाच खेळाडूंना त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा फार कमी मिळतं, आणि तो फरक मधल्या फळीत वाटला जातो. पण संघ कसे बांधले जातात हे समजून घ्यायचं असेल तर हाच नियम मुळाशी आहे: कमाल पगारावरचा महान खेळाडू हा कोणत्याही संघासाठी सगळ्यात स्वस्त सौदा असतो.

या मर्यादेला एक वरची पायरी आहे, तिला सगळे सुपरमॅक्स म्हणतात. सात ते नऊ वर्षं झालेल्या खेळाडूला दहा वर्षांचा, म्हणजे ३५ टक्क्यांचा दर मिळू शकतो. त्यासाठी सर्वोत्तम खेळाडूचा किंवा सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार, नाहीतर लीगच्या निवडक ऑल-एनबीए संघांत स्थान, अशी कामगिरी ठरावीक वर्षांत झालेली असावी लागते. शिवाय तो खेळाडू त्याच संघाचा असावा लागतो. सुरुवातीच्या चार वर्षांत अदलाबदल झाली असेल तर चालते, नंतर नाही. २०१७ मध्ये असा पहिला करार स्टेफन करीने केला, पाच वर्षांचे २०.१ कोटी.

ही "त्याच संघाचा" अट किती महागात पडू शकते ते लुका डॉन्चिचच्या बाबतीत दिसलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने त्याला लेकर्सकडे पाठवलं. डॅलसमध्ये राहिला असता तर त्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या अंदाजे ३४.५ कोटींच्या सुपरमॅक्सला तो पात्र होता. अदलाबदलीने तो हक्क संपला, आणि त्यात त्याचा काही हात नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने लेकर्सबरोबर तीन वर्षांचा १६.५ कोटींचा करार केला. तीनच वर्षं का? तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर आहे. २०२८ च्या उन्हाळ्यात तो मोकळा, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला स्वतंत्र, होऊ शकतो, तेव्हा त्याची दहा वर्षं भरलेली असतील आणि ३५ टक्के कोणत्याही पुरस्काराशिवाय मिळतील.

पायरी ३: दोन गुणक पाठ करा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मी दर जुलैला वहीच्या पहिल्या पानावर हे दोन आकडे लिहितो: ५.८ आणि ४.३.

स्वतःच्या संघाबरोबर पूर्ण हक्काने केलेल्या करारात दरवर्षी ८ टक्के वाढ देता येते आणि मुदत पाच वर्षांपर्यंत. ही वाढ चक्रवाढ नसते. पहिल्या वर्षाच्या पगाराचे ८ टक्के, तेवढीच रक्कम दरवर्षी वाढत जाते. म्हणजे पहिलं वर्ष १ धरलं तर पुढची १.०८, १.१६, १.२४, १.३२. बेरीज ५.८. दुसऱ्या संघाकडे गेलं तर मुदत चार वर्षं आणि वाढ ५ टक्के: १, १.०५, १.१०, १.१५. बेरीज ४.३.

आता बातम्यांतले आकडे स्वतः तपासा. जेसन टेटमचा बॉस्टनबरोबरचा सुपरमॅक्स २०२५-२६ पासून सुरू होतो. कॅपचे ३५ टक्के म्हणजे ५.४१ कोटी, गुणिले ५.८, म्हणजे ३१.४ कोटी. जाहीर झालेला आकडा हाच. किंग्जच्या डिआरन फॉक्सने २०२० मध्ये केलेली मुदतवाढ २०२१-२२ पासून सुरू झाली. तेव्हाची कॅप ११.२४ कोटी, तिचे २५ टक्के २.८१ कोटी, गुणिले ५.८, म्हणजे १६.३ कोटी.

२०२३ च्या उन्हाळ्यात जेलन ब्राउनच्या कराराची बातमी आली तेव्हा सगळीकडे ३०.४ कोटी छापून आलं. तो अंदाज होता, कारण करार २०२४-२५ पासून सुरू होणार होता आणि त्या वर्षाची कॅप अजून जाहीर व्हायची होती. प्रत्यक्षात कॅप १४.०६ कोटी ठरली. ३५ टक्के म्हणजे ४.९२ कोटी, गुणिले ५.८, म्हणजे २८.५ कोटी. जवळजवळ दोन कोटी डॉलर कमी, आणि कराराचा एक शब्दही बदललेला नव्हता. म्हणून भविष्यात सुरू होणाऱ्या कमाल कराराच्या बातमीत जो आकडा असतो तो टक्केवारीचं भाकीत समजा.

वाढीऐवजी घटही लावता येते. हील्डचा करार तसाच होता. पहिल्या वर्षी २.४४ कोटी, मग २.२५, २.०५, १.८६. बेरीज ८.६ कोटी. उतरता करार संघाला आवडतो, कारण खेळाडूचं वय वाढतं तसा पगार कमी होतो आणि शेवटच्या वर्षांत त्याची अदलाबदल सोपी जाते. खेळाडूलाही तोटा नाही, कारण पैसे आधी हातात येतात.

पायरी ४: पैसे कुठल्या खिशातून आले ते शोधा

कॅपच्या वर असलेला संघ पैसे देतो म्हणजे कुठलीतरी सवलत वापरतो. मुख्य सवलत बर्ड राइट्स. बॉस्टनच्या लॅरी बर्डचं नाव तिला चिकटलं ते कायमचं. खेळाडू सलग तीन हंगाम त्याच संघाकडे, किंवा मोकळा न होता अदलाबदलीतून आलेल्या संघाकडे असेल, तर तो संघ कॅप ओलांडूनही त्याला कमाल पगारापर्यंत देऊ शकतो. दोन हंगाम झाले तर मर्यादित हक्क, एक झाला तर आणखी मर्यादित. "त्याला जाऊ दे, तेवढ्या पैशात दुसरा आणू" असं नवे प्रेक्षक म्हणतात ते इथे चुकतं. कॅपच्या वरच्या संघाने आपला खेळाडू सोडला तर ते पैसे नाहीसे होतात. दुसऱ्यासाठी वापरता येत नाहीत.

बाहेरचा खेळाडू आणायचा तर मिड-लेव्हल सवलत. २०२५-२६ मध्ये ती १.४१ कोटींची, आणि फार खर्चिक संघांसाठी फक्त ५७ लाखांची. त्याखाली किमान पगार. नवख्याला १२.७ लाख, दहा वर्षं खेळलेल्याला ३६.३ लाख. इथे एक सुंदर तरतूद आहे. जुन्या खेळाडूशी एका वर्षाचा किमान करार केला तर संघाच्या खात्यावर फक्त २३ लाखांच्या आसपास मांडले जातात, वरचे पैसे लीग भरते. नाहीतर संघांनी स्वस्त म्हणून विशीतली मुलंच घेतली असती आणि अनुभवी माणूस घरी बसला असता. खेळाडू संघटनेने मिळवलेल्या गोष्टींत ही मला फार मोलाची वाटते.

पायरी ५: पक्कं किती ते बघा

हील्डच्या दोन आकड्यांचं कोडं इथे सुटतं. ८.६ कोटी हमीचे. त्यावरचे बोनसचे, ठरलेली कामगिरी झाली तरच मिळणारे. सगळे मिळाले असते तर १०.६. एजंटला मोठा आकडा छापून यावा असं वाटतं, संघाला छोटा. बातमी कुणाकडून आली आहे याचा अंदाज आकड्यावरूनही येतो.

बोनसशिवाय पर्यायाची वर्षं असतात. शेवटचं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर असेल तर त्याच्या हातात ताकद, संघाच्या मर्जीवर असेल तर संघाच्या. काही वर्षांची हमी अर्धवट असते, काहींची ठरावीक तारखेनंतर लागू होते. अदलाबदल नाकारण्याचा पूर्ण अधिकार फार थोड्यांना मिळतो. त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघात चार वर्षं लागतात, आणि संघाने तो द्यायला तयारही असावं लागतं. ब्रॅडली बीलला वॉशिंग्टनने तो २०२२ मध्ये दिला आणि नंतर त्याला कुठे पाठवायचं यात त्याचाच शब्द मोठा ठरला.

हमीचे पैसे बुडत नाहीत. संघाने खेळाडूला सोडलं तरी द्यावेच लागतात. फक्त ते ताणता येतात: उरलेली वर्षं दुप्पट करून त्यात एक मिळवायचं. जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डला सोडलं तेव्हा त्याची दोन वर्षं आणि ११.२ कोटींहून अधिक रक्कम उरली होती. दोनचे चार, अधिक एक, पाच वर्षं. म्हणजे दरवर्षी सुमारे २.२५ कोटी मिलवॉकीच्या हिशेबात, तो माणूस दुसरीकडे खेळत असताना. हे सगळं त्यांनी पेसर्सच्या माइल्स टर्नरला आणायला जागा हवी म्हणून केलं. लिलार्डचा घोट्यामागचा अकिलीस स्नायुबंध फाटलेला होता, तो आपल्या जुन्या पोर्टलँडकडे परतला.

पायरी ६: नवखा असेल तर वेगळं कोष्टक

ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी क्रमाने केलेली नव्या खेळाडूंची निवड. तिच्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार जागेनुसार आधीच ठरलेला असतो. कोष्टकातल्या रकमेच्या ८० ते १२० टक्के देता येतात, जवळपास सगळ्यांना १२० मिळतात. दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. २०२३ चा पहिला खेळाडू व्हिक्टर वेम्बन्यामाला पहिल्या वर्षी १.२२ कोटी मिळाले, चार वर्षांचे मिळून साधारण ५.५ कोटी. त्याच्या खेळाकडे बघता हे काहीच नाही. म्हणून नवख्या करारावरचा तारा हाताशी असतानाच संघ बाकीच्यांवर खर्च करून घेतात.

दुसऱ्या फेरीत अशी हमी नसते. २०१५ मध्ये पंजाबचा सतनामसिंग भामरा डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. आपल्याकडे बातम्या अशा आल्या की तो एनबीएत खेळणारच. प्रत्यक्षात निवड म्हणजे फक्त त्याच्याशी बोलणी करण्याचा त्या संघाचा हक्क. त्याला एनबीएचा करार कधीच मिळाला नाही, तो खालच्या लीगमध्ये टेक्सस लेजेंड्सकडून खेळला. तेव्हा हा नियम माहीत असता तर आपल्या अपेक्षाही नेमक्या राहिल्या असत्या, आणि त्या मुलावरचं ओझंही हलकं झालं असतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा, कॅनडात वाढलेला, सात फूट पाच इंच उंचीचा खेळाडू किंग्जकडून मैदानात उतरला. भारतीय वंशाचा एनबीए खेळलेला तो पहिला. त्याचा करार दहा दिवसांचा होता. असे करार ५ जानेवारीपासून करता येतात, एका हंगामात एकाच संघाबरोबर दोनदा, त्यानंतर संघाला ठरवावंच लागतं: ठेवायचं की सोडायचं. आता त्याच्या जोडीला टू-वे करारही आहेत. संघात १५ नेहमीचे खेळाडू आणि ३ टू-वे. टू-वे खेळाडू ५० एनबीए सामन्यांपर्यंत संघाबरोबर असू शकतो, बाकी वेळ जी लीग या खालच्या लीगमध्ये, आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा. २०२५-२६ मध्ये ६.३६ लाख डॉलर.

पायरी ७: बोलणी कोण कुठल्या जोरावर करतोय ते ओळखा

ही पायरी शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि खरी गंमत इथेच आहे.

नवख्या कराराची तीन वर्षं झाली की मुदतवाढीची बोलणी सुरू होतात आणि चौथ्या हंगामाच्या आदल्या दिवशी खिडकी बंद होते. हील्डची सही त्याच शेवटच्या दिवशी झाली. आधीच्या प्रस्तावावर तो उघडपणे नाराज होता. मुदतवाढ नाहीच झाली तर पुढच्या उन्हाळ्यात संघ एक वर्षाचा ठरीव प्रस्ताव देऊन खेळाडूला "बांधील मोकळा" ठेवतो. तो दुसऱ्या संघाचा प्रस्ताव आणू शकतो, पण जुन्या संघाने तेवढेच पैसे मोजले की खेळाडू तिथेच राहतो. २०२२ मध्ये डिआंड्रे एटनला पेसर्सनी चार वर्षांचे १३.३ कोटी देऊ केले. फिनिक्सने लगेच तेवढेच देऊन त्याला ठेवलं. तपासा: २५ टक्के म्हणजे ३.०९ कोटी, गुणिले ४.३. फिनिक्सने स्वतःहून पाच वर्षांचा कमाल करार दिला असता तर गुणक ५.८ झाला असता, म्हणजे १७.९ कोटी. संघाने वाट पाहून एका वर्षाची आणि साडेचार कोटींहून अधिकची बांधिलकी टाळली. पण मनं दुखावली. सव्वा वर्षाच्या आत एटन दुसरीकडे गेला.

खेळाडू फार ताणतो तेव्हा काय होतं? नर्लेन्स नोएलने २०१७ मध्ये डॅलसचा चार वर्षांचा सुमारे ७ कोटींचा प्रस्ताव नाकारला असं त्यानेच पुढे न्यायालयात मांडलं. त्याने एक वर्षाचे ४१ लाख घेतले, पुढच्या उन्हाळ्यात मोठा करार मिळेल या आशेवर. दुखापत आडवी आली. डेनिस श्रोडरने २०२१ मध्ये लेकर्सचे ८.४ कोटी नाकारल्याच्या बातम्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्याने बॉस्टनकडे ५९ लाखांवर सही केली. लोक अशा खेळाडूंना मूर्ख म्हणतात, ते मला पटत नाही. स्वतःच्या किमतीवर विश्वास ठेवल्याशिवाय कुणी या लीगपर्यंत पोचतच नाही. पण बाजारात त्या उन्हाळ्यात जागा किती संघांकडे आहे, हा प्रश्न खेळाडूच्या गुणवत्तेपेक्षा मोठा ठरतो. एजंटचं काम मुख्यतः हेच: जागा मोजणं. एजंटला कराराच्या जास्तीत जास्त ४ टक्के मिळतात.

उलट बाजू डिआरन फॉक्सची. त्याचा करार २०२६ ला संपणार होता आणि किंग्जबरोबर मुदतवाढ झालेली नव्हती. खेळाडू वर्षभरात मोकळा होऊन जाईल आणि हाती काही उरणार नाही, ही भीती संघाला झोपू देत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंग्जनी त्याला सॅन अँटोनियोला पाठवलं, आणि ऑगस्टमध्ये त्याने तिथे मुदतवाढ केली. करार संपायला दीड वर्ष उरलं की बोलणी कागदावर नसली तरी सुरू झालेली असतात.

आणि जेलन ब्रन्सन. दुसऱ्या फेरीतला, ३३ व्या क्रमांकाचा खेळाडू. २०२२ मध्ये डॅलस सोडून न्यूयॉर्कला चार वर्षांच्या १०.४ कोटींवर आला. जुलै २०२४ मध्ये त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. लगेच मुदतवाढ घेतली तर आधीच्या पगाराच्या १४० टक्क्यांपासून सुरुवात: २.५ कोटींचे ३.४९ कोटी, चार वर्षांचा ८ टक्के वाढीचा गुणक ४.४८, म्हणजे १५.६५ कोटी. वर्षभर थांबला तर पाच वर्षांचे २६.९ कोटी मिळू शकत होते. त्याने १५.६५ वर सही केली. लोकांनी ११.३ कोटींचा त्याग म्हणून मथळे दिले. अर्धं खरं आहे. त्याने दुखापतीचा धोका आजच टाळला, आणि २०२८ मध्ये, दहा वर्षं भरल्यावर, ३५ टक्क्यांवर पुन्हा बोलायची मुभा ठेवली. पण त्या काही वर्षांत संघाला मोकळा श्वास मिळाला हेही तितकंच खरं. त्याच वर्षी न्यूयॉर्कने कार्ल-अँथनी टाउन्सला आणलं, आणि २०२५ मध्ये २००० नंतर पहिल्यांदा पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली.

पायरी ८: वरच्या दोन रेषा

कॅपच्या वर लक्झरी कराची रेषा आहे, २०२५-२६ मध्ये १८.८ कोटी. ती ओलांडली की संघाला लीगकडे कर भरावा लागतो. तिच्या पुढे जाल तितका दर चढत जातो. श्रीमंत मालक तो भरून मोकळे होत, म्हणून २०२३ च्या करारात आणखी वर दुसरा ॲप्रन (त्याहून कडक रेषा) आला, २०२५-२६ मध्ये २०.८ कोटींवर. हा पैशाने सुटत नाही. तो ओलांडलेल्या संघाला मिड-लेव्हल सवलत नाही, अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क गोठतो. २०२४ चा विजेता बॉस्टन संघ २०२५ च्या उन्हाळ्यात का मोडला, याचं उत्तर इथे आहे. टेटम मे महिन्यात जायबंदी झाला, आणि संघाने ज्रू हॉलिडे व क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस दोघांनाही दुसरीकडे धाडलं. ब्राउन आणि टेटम दोघांच्या ३५ टक्क्यांची बेरीज करून बघा, उरलेल्या तेरा जणांसाठी काय शिल्लक राहतं ते दिसेल.

हातात येणारे पैसे आणखी वेगळे. पगाराचे १० टक्के आधी बाजूला राखतात, खेळाडूंचा एकूण वाटा ठरल्यापेक्षा जास्त झाला तर ते परत मालकांकडे जातात. केंद्रीय कर सगळ्यांना सारखा, पण राज्याचा कर वेगळा. कॅलिफोर्नियात १३.३ टक्क्यांपर्यंत, टेक्सस आणि फ्लोरिडात शून्य. बाहेरगावच्या सामन्यांचा कर त्या त्या राज्यात. म्हणून मायामीचे आणि लॉस एंजेलिसचे सारखे दिसणारे दोन आकडे सारखे नसतात.

पायरी ९: आपल्या घड्याळाप्रमाणे

बाजार ३० जूनला न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सहाला उघडतो. आपल्याकडे १ जुलैची पहाट, साडेतीन. स्वतःच्याच संघाशी बोलणी मात्र अंतिम सामना संपल्यानंतरच्या दिवसापासून चालू असतात. ६ जुलैला आपल्या रात्री साडेनऊपर्यंत बहुतेक सह्या होऊ शकत नाहीत, तोवर सगळे शब्द तोंडीच. २०१५ मध्ये डिआंड्रे जॉर्डनने डॅलसला असाच शब्द दिला होता. मग त्याच्या आधीच्याच संघाचे, क्लिपर्सचे, लोक त्याच्या घरी जाऊन बसले आणि मुदत उलटताच त्याने क्लिपर्सच्याच कागदावर सही केली. म्हणून त्या सहा दिवसांतल्या नोंदी मी वहीत पेन्सिलने करतो. एका ओळीत नाव, सेवेची वर्षं, कॅपचा टक्का, मुदत, हमी, शेवटचं वर्ष कोणाच्या मर्जीवर. एकूण रकमेचा रकाना शेवटी, आणि तो मी स्वतः गुणाकार करून भरतो. जुळला नाही तर कुठलातरी बोनस किंवा पर्याय बातमीत राहून गेलेला असतो, आणि दोन-तीन दिवसांत तो बाहेर येतो.